मोरचुदाची नळी

संपादकांनी मला सुरतेस धाडले ते हजिऱ्याच्या अवाढव्य कारखान्यांविषयी लिहिण्याकरिता. परंतु तापीच्या मुखाकडील त्या खारट सपाटीवर माझे चित्त गुंतले ते एका खानदेशी तंत्रज्ञाच्या हातातील वीतभर नळीत. येथल्या वायुवाहिन्यांचा अधिकृत इतिहास थोडक्यात असा, की 1984 साली गेल ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि हजिऱ्याहून जगदीशपुरास जाणारी वायुवाहिनी हे तिचे पहिले मोठे काम ठरले. जुन्या दप्तरात मधल्या गावाचे नाव 'बिजापूर' असल्याने मराठी माणसास आदिलशाही आठवावी, पण हे गाव गुणा जिल्ह्यातले विजयपूर! आज या भागात अनेक वाहिन्या भूगर्भात शेजार करून आहेत, आणि त्यांतल्याच एकीच्या पाहणीस मी गेलो होतो.

नळीत मोरचुदाचे संपृक्त द्रावण, त्यात तांब्याची कांडी आणि तळाशी झिरपणारे बूच. बांधावरच्या खांबाचे झाकण उघडून तंत्रज्ञाने वाहिनीची तार मीटरला जोडली, दुसरी तार नळीला लावली, आणि मग बाटलीतले पाणी भेगाळलेल्या काळ्या जमिनीवर ओतले.

"कोरड्यात आकडा खोटा येतो, साहेब," तो म्हणाला, आणि चिखलात नळी रोवून, देवापुढे समई ठेवावी तशी, हात सोडून उभा राहिला.

लोखंड गंजते ते एका नकळत मांडलेल्या विद्युत्घटामुळे: एके ठिकाणी ते इलेक्ट्रॉन मागे ठेवून मातीत विरघळते, आणि ते इलेक्ट्रॉन धातूतून दुसऱ्या ठिकाणी जाऊन पाण्यातील प्राणवायूच्या पदरात पडतात. वर्षभर 1 अँपिअर प्रवाह असा निसटत राहिला, तर सुमारे 9 किलो लोखंड जाते. तेव्हा उलट प्रवाह देऊन साऱ्या नळास ऋण करावे, हाच बंदोबस्त. येथे तो रेक्टिफायर आणि जमिनीत पुरलेले अॅनोड करतात. युक्ती जुनीच: 1824 साली इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हंफ्री डेव्ही याने ब्रिटिश आरमाराच्या जहाजांवरील तांब्याच्या पत्र्यास जस्ताचे व लोखंडाचे तुकडे जोडले, तांबे वाचलेही, पण त्याच्या विरघळण्यातले विष संपल्याने शंख-शिंपल्यांनी तळ व्यापला आणि जहाजे मंदावली.

नळ पुरेसा ऋण आहे का, ते ही नळी सांगते: मीटरवर उणे 1.02 व्होल्ट उमटले. उणे 0.85 ही सर्वमान्य मर्यादा ओलांडली म्हणजे जीव निर्धास्त. परंतु फार ऋण केल्यास पृष्ठावर हायड्रोजन सुटून नळावरचे संरक्षक वेष्टनच उचकटते, म्हणून दोन्हीकडून सांभाळावे लागते. त्यात शेजारच्या वाहिनीचा प्रवाह आपल्या नळात शिरतो आणि जेथून बाहेर पडतो तेथे त्याचा घास घेतो. रेल्वेच्या 25 किलोव्होल्ट तारांचा उपद्रव निराळाच. सर्वांत कठीण मामला सुटलेल्या वेष्टनाचा: त्याच्याखाली पाणी साचते, बाहेरचा प्रवाह तेथवर पोहोचत नाही, आणि नळीचा आकडा मात्र उत्तम येतो.

"मग कळते कसे?" मी विचारले.

"नळाच्या आतून यंत्र सोडतात, ते भिंत किती पातळ झाली ते मोजतं. नाहीतर खणायचं." नोंदवहीत त्याने 1.02 लिहिले, त्यापूर्वी उण्याची खूण ठळक केली, आणि नळीच्या तळाचे बूच फडक्याने पुसून पुढच्या खांबाकडे चालू लागला.