गर्भवतीचा करोना आणि पोटातले बाळ

गर्भवतीस करोनाची बाधा झाली म्हणजे ती पोटातल्या बाळालाही झालीच, सबब जन्मताच त्याला आईपासून दूर ठेवावे, असा समज मेहकर तालुक्यातील जानेफळपासून थेट मुंबईपर्यंत अनेक घरांत आढळतो; मायेपोटी आलेली ही धास्ती स्वाभाविक असली, तरी वस्तुस्थिती निराळी आहे.

आईचे व गर्भाचे रक्त एकमेकांत मिसळत नाही; दोहोंमध्ये वार (गर्भाला पोसणारा, गर्भाशयाला चिकटलेला अवयव) असते, आणि गाळणीतून चहा खाली उतरून चोथा वरच राहावा, त्याप्रमाणे तिच्यातून प्राणवायू व अन्नरस बाळाकडे जातात, परंतु हा विषाणू बहुधा अलीकडेच अडतो. गाळणीतूनही क्वचित एखादा कण निसटतो. पुण्याच्या ससून रुग्णालयात २०२० साली जन्मलेल्या एका बालकास वारेतून संसर्ग झाल्याची नोंद आहे, पण असे प्रसंग विरळा.

खरी काळजी घ्यावयाची ती आईची. कारण गरोदरपणी, विशेषतः अखेरच्या महिन्यांत, हा आजार बळावण्याचा व अकाली प्रसूतीचा संभव अधिक असतो. म्हणूनच केंद्र सरकारने २ जुलै २०२१ रोजी गर्भवतींना लस घेण्यास मंजुरी दिली.

स्तनपानास मनाई नाही. मुखपट्टी बांधून, साबणाने हात धुऊन बाधित आईने बाळाला खुशाल पदराखाली घ्यावे, कारण दुधातून त्याला प्रतिपिंडे (रोगाशी झुंजणारी द्रव्ये) मिळतात. मात्र ताप आला किंवा धाप लागली, तर घरगुती उपायांत दिवस न दवडता तिला तत्काळ दवाखान्यात न्यावे.