वावडं

आजीच्या घरात ॲलर्जी हा शब्द नव्हता. वावडं होतं. ‘हिला कोळंबीचं वावडं आहे,’ असं तिनं एकदा सांगून टाकलं आणि त्यानंतर कोळंबीची खिचडी माझ्या पानात कधी पडली नाही. त्याआधी, मी दहा वर्षांची असताना, चार घास पोटात जातात न जातात तोच ओठ सुजले होते, पाठभर गांधी उठल्या होत्या आणि घसा आवळल्यासारखा झाला होता. पित्त उठलं म्हणून आजीनं आमसुलं कोळून ते पाणी अंगाला चोळलं. तासाभरात सगळं बसलं. त्या गांधींचं आज काही वाटत नाही. आवळलेल्या घशाची आठवण झाली की मात्र काटा येतो.

तीस वर्षांनी, बारमाही शिंकांना कंटाळून मी ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी माझ्या हातावर, कोपराच्या खाली, पेनानं आकडे लिहिले. प्रत्येक आकड्याशेजारी एकेक थेंब ठेवला आणि थेंबातून सुईचं टोक नुसतं टेकवलं. रक्तसुद्धा आलं नाही. ‘पंधरा मिनिटं खाजवायचं नाही हं,’ एवढंच सांगितलं. बघता बघता दोन आकड्यांशेजारी कातडी फुगून आली, भोवती लाल कडं धरलं. डॉक्टरांनी पट्टी लावून मिलिमीटर मोजले. एक फुगवटा होता घरातल्या धुळीत राहणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्याचा. दुसरा कोळंबीचा.

या दोघांचं नातं आहे. धुळीतला किडा, झुरळ आणि कोळंबी हे सगळे सांधेदार पायांचे जीव, आणि त्यांच्या स्नायूंतलं ट्रोपोमायोसिन नावाचं प्रथिन बरंच सारखं असतं. एकाला ओळखायला शिकलेलं शरीर दुसऱ्यालाही त्याच नावानं हाक मारू शकतं. हे प्रथिन उष्णतेलाही दाद देत नाही. म्हणून कोळंबी तळा, कालवण करा, नाहीतर वाळवून सोडे करा, वावडं सुटत नाही.

पण ओळखतं कोण? या प्रश्नाचं पहिलं पक्कं उत्तर 1921 साली ब्रेस्लाऊमध्ये, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या व्रोत्स्वाफमध्ये मिळालं. हाइन्झ क्यूस्टनर या डॉक्टरांना शिजवलेल्या माशाचं वावडं होतं. त्यांचे सहकारी कार्ल प्राउसनिट्झ यांना माशाचा काही त्रास नव्हता. प्राउसनिट्झ यांनी क्यूस्टनर यांच्या रक्तातलं सीरम घेतलं आणि स्वतःच्या पोटाच्या कातडीत टोचून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. मासे बिनधास्त खाणाऱ्या त्या माणसाच्या पोटावर, नेमक्या तेवढ्याच जागी, फुगवटा उठला. एकाचं वावडं दुसऱ्याच्या अंगावर उतरलं होतं! म्हणजे ते रक्तात वाहणारं काहीतरी होतं. रक्तातून आजार पसरण्याच्या धोक्यामुळे ही चाचणी पुढे बंद झाली, पण एखाद्यानं स्वतःच्या कातडीवर इतका स्वच्छ पुरावा उमटवून घ्यावा, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

ते ‘काहीतरी’ हाती यायला आणखी 45 वर्षं गेली. अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्यानं 1966 मध्ये आणि स्वीडनच्या उप्साला इथं योहानसन व बेनिश यांनी 1967 मध्ये, वेगवेगळ्या वाटांनी, एकच प्रतिपिंड शोधलं. 1968 मध्ये त्याचं नाव ठरलं आयजीई. इतका उशीर का लागला, तर रक्तात ते असतं अगदी नखभर. आपल्या नेहमीच्या आयजीजी प्रतिपिंडांच्या तुलनेत हजारो पटींनी कमी.

आयजीई रक्तात फार काळ रेंगाळतच नाही. ते कातडीत, नाकात, श्वासनलिकांत, आतड्यांत बसलेल्या मास्ट पेशींवर जाऊन ठाण मांडतं. या पेशींच्या पोटात हिस्टामिनच्या दाण्यांची कोठारं असतात. पहिल्या खेपेला कोळंबी खाल्ली तेव्हा काहीच झालं नाही, असं बहुतेकजण सांगतात, ते याचमुळे: तेव्हा शरीर नुसतं आयजीई घडवत असतं. पुढच्या एखाद्या खेपेला तेच प्रथिन येतं, शेजारशेजारच्या दोन आयजीईंना एकदम धरतं, आणि त्या जोडणीसरशी कोठारं फुटतात. रक्तवाहिन्या पाझरू लागतात, तीच गांध. नाकात घडलं की शिंका, श्वासनलिकेत घडलं की दम. सगळ्या अंगभर एकदम घडलं तर रक्तदाब कोसळतो, आणि मग मांडीत दिलेलं ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन हेच पहिलं औषध. आमसुलाच्या पाण्यानं किंवा ॲलर्जीच्या गोळीनं ते काम होत नाही, हे प्रत्येक घरात माहीत असायला हवं.

ज्याचं वावडं तेच थोडंथोडं द्यायचं, ही कल्पना मात्र आयजीईच्या कितीतरी आधीची आहे. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात लेनर्ड नून यांनी गवताच्या परागांचा अर्क रुग्णांना वाढत्या मात्रेनं टोचला आणि 1911 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते प्रसिद्ध केलं. परागांत विष असतं आणि आपण त्याची लस देतोय, असा त्यांचा समज होता. समज चुकीचा, उपाय बरोबर! दोनच वर्षांत क्षयानं ते गेले. काम जॉन फ्रीमन यांनी पुढे नेलं.

आज कळतं ते असं: रोजच्या ओळखीनं शरीराचा पवित्रा हळूहळू बदलतो. संयम राखायला लावणाऱ्या टी पेशी वाढतात आणि आयजीजी-4 नावाची प्रतिपिंडं तयार होतात. ती परागाला किंवा किड्याच्या प्रथिनाला वाटेतच गाठतात, आयजीईपर्यंत पोहोचू देत नाहीत. म्हणूनच पदार्थांची लांबलचक यादी घेऊन आयजीजी तपासणारे महागडे अहवाल पाहिले की मला राग येतो. तो आकडा बहुधा तुम्ही तो पदार्थ खाता एवढंच सांगतो, आणि त्यावरून आया पोरांचं दूध-अंडं तोडतात.

परागकण, धुळीतले किडे, मधमाशीचं विष यांच्यासाठी थोडंथोडं देण्याची ही पद्धत चांगली लागू पडते; साधारण तीन वर्षं नेटानं घेतली तर थांबवल्यावरही गुण टिकतो. अन्नाचं गणित अवघड आहे. शेंगदाण्याच्या वावड्यासाठी अमेरिकेत 2020 मध्ये तोंडानं घ्यायच्या भुकटीला मान्यता मिळाली, पण ती सोडली की संरक्षण ओसरू शकतं. आयजीईलाच पकडून ठेवणारं ओमॅलिझुमॅब 2003 पासून दम्यासाठी तिथं वापरात होतं. 2024 मध्ये अन्नाच्या वावड्यासाठीही त्याला परवानगी मिळाली. चुकून पोटात गेलेल्या कणापासून ते वाचवू शकतं. मनसोक्त खायची मुभा देत नाही. मला सर्वांत मोलाचा वाटतो तो 2015 मधला लंडनचा अभ्यास. वावड्याचा धोका असलेल्या 640 तान्ह्या मुलांपैकी निम्म्यांना पहिल्या वर्षातच शेंगदाणा सुरू केला, निम्म्यांना दिलाच नाही. पाचव्या वर्षी न खाणाऱ्यांत सुमारे 17 टक्के मुलांना वावडं निघालं, खाणाऱ्यांत 3 टक्क्यांना. जपण्यासाठी लांब ठेवलं, आणि तेच बाधलं.

कोळंबीसाठी मी काही घेत नाही. घरी कोळंबी शिजते त्या दिवशी मी गच्चीवर जाऊन बसते, कारण नुसत्या वाफेनंही त्रास होऊ शकतो. धुळीतल्या किड्यांची इंजेक्शनं मात्र चालू आहेत. दंडात सुई जाते, मग दवाखान्यातल्या बाकावर अर्धा तास थांबायचं, कारण क्वचित त्याच औषधानं झटका येऊ शकतो. परवा शेजारी एक मुलगी होती, आठ-नऊ वर्षांची, पहिलंच इंजेक्शन. ‘काकू, किती वाजता सोडतील?’ तिनं विचारलं. मी तिला भिंतीवरचं घड्याळ दाखवलं. मोठा काटा सहावर आला की.