वारीची शिदोरी हलकी कशी बांधाल?

ज्येष्ठ लागला की गावोगावी वारीची तयारी सुरू होते. आळंदी ते पंढरपूर साधारण 250 किलोमीटर, 18 ते 20 दिवसांची पायी वाट. आपल्या गटातल्या कितीतरी जणी यंदा निघणार असतील. आज बोलूया स्वयंपाकाच्या आणि जेवणाच्या भांड्यांविषयी, कारण घरात असो की वाटेवर, भांड्यांचं ओझं बाईच्याच डोक्यावर येतं.

आधी एक गोष्ट ठरवा: वाटेत आपण स्वतः काय शिजवणार? दिंडीत भिशी भरली असेल तर जेवण दिंडीत मिळतं, मोठी भांडी ट्रकमधून जातात. तुम्हाला लागतं एक खोलगट ताट, एक पेला, एक चमचा, घट्ट झाकणाचा छोटा डबा आणि एक लिटरची पाण्याची बाटली. बस्स. वाटी वेगळी नको. खोलगट ताटात आमटी-भात दोन्ही मावतं. चमचा आणि पेला डब्यात बसतील असेच घ्या, म्हणजे जागा वाचते. स्वतःचं ताट असलं की थर्माकोलच्या ताटल्यांची घाणही रस्त्यावर पडत नाही.

चार-पाच जणी मिळून स्वतंत्र चालणार असाल तर सगळ्यांत मिळून एकच पाच लिटरचा कुकर न्या. जर्मनचं भांडं त्याच आकाराच्या आणि जाडीच्या स्टीलच्या भांड्यापेक्षा वजनाला सुमारे तिसरा हिस्सा भरतं. फक्त त्यात ताक, चिंचेचं सार असं आंबट ठेवू नका. ते स्टीलच्या डब्यात. तूरडाळीऐवजी मूगडाळ घ्या, ती लवकर शिजते. मुक्कामी पोचल्यावर डाळ-तांदूळ अर्धा तास भिजवले की जळण आणखी वाचतं. खिचडीचा कुकर अर्ध्याच्या वर भरू नका, फेस येऊन शिट्टी तुंबते. पोळपाट-लाटणं घरीच राहू द्या; भाकरी हातावर थापता येते.

पाच किलोची छोटी गॅसटाकी सोयीची वाटते, पण आत पाच किलो गॅस आणि वर लोखंडाचं वजन! ती सोबतच्या गाडीतच हवी, डोक्यावर नाही. पाऊस कितीही असो, बंद तंबूत किंवा ट्रकच्या हौद्यात शेगडी पेटवू नका. आग आणि धूर, दोन्हींनी जीव जातो.

चूल पेटणार नाही असेही दिवस येतात. त्यासाठी सातूचं पीठ, गूळ, भाजलेले शेंगदाणे, शेंगदाण्याची चटणी ठेवा. सातूचं पीठ गूळ-पाण्यात कालवलं की झालं. माउलींच्या पालखीचा पुणे ते सासवड टप्पा सर्वांत लांब, त्यात दिवे घाट आणि बहुधा एकादशीही. त्या दिवशी राजगिऱ्याचे लाडू हाताशी असू द्या.

आता पाणी. वारीत हगवणीची भीती मोठी, आणि ती बहुतेकदा पाण्यातून नाहीतर हातातून येते. पाणी खळखळ उकळून घ्या. ते जमत नसेल तर आरोग्य सेविकेकडून क्लोरिनचं औषध घ्या, ती सांगेल त्या मापाने टाका आणि अर्धा तास थांबून मग प्या. ताट गढूळ ओढ्यात विसळू नका. राखेने किंवा साबणाने घासून पिण्याच्या पाण्याने शेवटचा हात फिरवा, कोरडं करून फडक्यात गुंडाळा. कुणाला जुलाब लागलेच तर तीच एक लिटरची बाटली माप म्हणून वापरा: एक लिटर शुद्ध पाणी, सहा सपाट छोटे चमचे साखर, अर्धा छोटा चमचा मीठ. थोडं थोडं पाजत राहा आणि आरोग्य पथकाकडे न्या.

शेवटचं काम निघण्याच्या आठ दिवस आधीचं. गटाच्या बैठकीत सगळ्यांच्या पिशव्या आणा, वाण्याचा काटा मागून आणा आणि वजन करा. पन्नास किलोच्या बाईने पाच किलोच्या आत राहावं. भरलेली बाटली एक किलोची, तीही त्यातच मोजा. कुकर आज एकीकडे, उद्या दुसरीकडे, अशा पाळ्या तिथेच लिहून काढा. सोबत पुरुष असतील तर त्यांचीही पाळी लावा. नाहीतर जी नाही म्हणत नाही, तिच्याच खांद्यावर पंढरपूरपर्यंत कुकर राहतो. आणि बऱ्याचदा ती गटातली सर्वांत थकलेली, वयस्कर बाई असते.

रामकृष्ण हरी!