मानमोडी : उतरलेला ताप पुन्हा चढतो तेव्हा

१९१८ सालच्या इन्फ्लुएंझाच्या साथीस आपल्याकडील जुनी माणसे ‘मानमोडी’ म्हणत. निपाणीसह सारा बेळगाव जिल्हा त्या काळी मुंबई इलाख्यात मोडत असे. जूनमध्ये मुंबईच्या गोदीवर पहाऱ्यास असलेले काही पोलीस शिपाई तापाने आजारी पडले. ताप तीन दिवसांत उतरे, म्हणून लोकांनी फारशी चिंता केली नाही, आणि साथ ओसरलीही. सप्टेंबरात मात्र ती उग्र रूपाने परतली. ६ ऑक्टोबर या एका दिवशी मुंबई शहरात ७६८ मृत्यूंची नोंद झाली. पाऊस फसल्याने धान्य महाग झालेले, त्यात हे संकट! हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. त्यांत वीस ते चाळीस वयाची कर्ती माणसे फार होती.

धडधाकट माणूस साध्या तापाने मरतो कसा, असा प्रश्न वाचकबंधूंना पडणे साहजिक आहे. आपल्या श्वासनलिकेस आतून अतिसूक्ष्म लव असते. धूळ व कफ वर लोटून छाती स्वच्छ ठेवणे हे तिचे अखंड काम. तंबाखूच्या वखारीत ज्यांचा दिवस जातो, त्यांच्या या लवेवर आधीच किती भार पडतो हे निपाणीकरांस सांगावयास नको. इन्फ्लुएंझाचा विषाणू नेमके हेच अस्तर झडवितो. राखणदार गेला की न्यूमोनियाचे जंतू बिनदिक्कत फुप्फुसात उतरतात. तेथील वायुकोश पाणी व पू यांनी भरतात. रोगी श्वास घेतो, पण प्राणवायू रक्तापर्यंत पोहोचत नाही आणि ओठ निळे पडतात. कधी विषाणू स्वतःच खोल उतरतो, आणि त्यास हुसकण्यासाठी शरीराने केलेला प्रतिकारच फुप्फुसाचा नाश करतो. मधुमेही, हृदयरोगी, वृद्ध व गर्भवती यांना धोका विशेष.

फसगत होते ती अशी. चार-पाच दिवसांनी ताप उतरतो, मालक पेढीवर येऊन बसतात (आमच्या व्यापारी बंधूंना घरी स्वस्थ बसवणे वैद्यालाही साधत नाही!), आणि मग थंडी वाजून ताप पुन्हा चढतो, श्वास घेताना छातीत कळ येते, कफ तांबूस पडतो. हा जुना ताप नव्हे. हा न्यूमोनिया होय.

१९१८ साली यावर औषध नव्हते. माणसातील हा विषाणू हाती लागला तोच १९३३ साली. आज प्रतिजैविके आहेत, प्राणवायू आहे. ओसेल्टामिव्हिर हे औषध पहिल्या ४८ तासांत दिल्यास अधिक गुण देते. विषाणू रूप पालटत असल्याने लस मात्र दरवर्षी टोचून घ्यावी लागते. तरीही २००९ साली पुण्यात स्वाइन फ्लूने तरुण माणसे गेलीच.

मिनिटास तीसहून अधिक श्वास, निळसर ओठ किंवा असंबद्ध बोलणे दिसताच सकाळची वाट पाहू नये. निपाणीहून कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटर, बेळगाव त्याहून दूर. अशा वेळी सरहद्दीचा विचार न करता जवळचे इस्पितळ गाठावे.