भागधारकाचे वाचन

अमळनेर हे गाव महाराष्ट्राला दोन-तीन कारणांनी ठाऊक आहे. वैशाखात बोरी नदीच्या पात्रात भरणारी सखाराम महाराजांची यात्रा, श्रीमंत प्रतापशेठ यांच्या औदार्यातून 1916 साली उभे राहिलेले तत्त्वज्ञान मंदिर, आणि प्रताप हायस्कुलातील साने गुरुजींची शिक्षकी. शेअरबाजारात ज्यांचा वावर असतो त्यांना मात्र या गावाची ओळख निराळ्याच कारणाने असते. 29 डिसेंबर 1945 रोजी एम. एच. हाशम प्रेमजी यांनी 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' ही वनस्पती तुपाची कंपनी येथे स्थापन केली. तिचे भाग पुढील दशकांत गावातील अनेक घरांत पोचले आणि याच कंपनीची पुढे 'विप्रो' झाली.

या कहाणीतील अंकगणित डोळे दिपविणारे आहे, यात शंका नाही. 1997 मध्ये कंपनीने एका भागामागे दोन भाग बक्षीस दिले. 1999 मध्ये दहा रुपयांच्या भागाचे दोन रुपयांचे पाच भाग केले. 2004 मध्ये पुन्हा एकास दोन, 2005 मध्ये एकास एक, 2010 मध्ये तिनास दोन, 2017 मध्ये एकास एक, 2019 मध्ये तिनास एक आणि 2024 मध्ये पुन्हा एकास एक असे बक्षीस भाग दिले. म्हणजे 1996 साली ज्याच्या पेटीत एक भाग होता आणि ज्याने तो विकला नाही, त्याच्याकडे आज आठशे भाग आहेत. त्याआधीची बक्षिसे यात धरलेलीच नाहीत. साहजिकच अमळनेरच्या भागधारकांवर वर्तमानपत्रांतून वेळोवेळी रकानेच्या रकाने लिहिले गेले आणि बहुतेकांनी त्यातून एकच बोध काढला: चांगला भाग घ्यावा आणि स्वस्थ बसावे.

हा बोध अर्धवट आहे, आणि तो अर्धवट का आहे याचा पुरावा अमळनेरातच मिळतो. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात प्रतापशेठ यांनी याच गावात कापडाची गिरणी काढली. खानदेशच्या कापसाला दाराशी गिऱ्हाईक मिळाले, हजारो संसार तिच्या भोंग्यावर चालले. ती गिरणी पुढे बंद पडली. गाव एकच, माणसे तीच, त्यांचा धीरही तोच. पण बंद पडणाऱ्या गिरणीच्या भागाला कितीही धीर लावला तरी त्याचे सोने होत नाही. मग धीर कोठे धरावा आणि कोठे धरू नये, हे माणसाला कळावे कसे? गुंतवणुकीच्या शास्त्रातील खरा प्रश्न हा आहे.

योगायोग असा की, या काळातील सर्वांत यशस्वी मानल्या गेलेल्या गुंतवणूकदारालाही हा प्रश्न एका कापडगिरणीनेच शिकविला. अमेरिकेतील ओमाहा गावच्या वॉरन बफे यांनी 1965 मध्ये 'बर्कशायर हॅथवे' या मॅसॅच्युसेट्समधील गिरणीचा ताबा मिळविला. तिच्या भागाची बाजारातील किंमत तिच्या खेळत्या भांडवलाहूनही कमी होती. हिशेबाच्या वहीवरून पाहता सौदा स्वस्त होता. वीस वर्षे त्यांनी ती चालविली. यंत्रे बदलली, माणसे चांगली होती, तरीही 1985 मध्ये कापडाचा विभाग बंद करावा लागला. त्या वर्षीच्या भागधारकांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी जो तपशील दिला आहे तो कोणाही गिरणगावच्या माणसाने वाचावा असा आहे. 1981 मध्ये पाच हजार डॉलरला एक याप्रमाणे घेतलेले माग पन्नास डॉलरलाही कोणी घेईना. अखेर ते सव्वीस डॉलरला भंगारात गेले. सर्वच गिरण्या नवी यंत्रे घेतात तेव्हा खर्चातील बचत मालकाच्या हाती न राहता स्पर्धेमुळे गिऱ्हाइकाच्या खिशात जाते, हे त्यांनी त्यात निःसंकोचपणे मांडले आहे. खानदेशातील गिरण्यांच्या ऱ्हासाला अर्थात अन्यही कारणे होती, पण हे कारण वगळून तो ऱ्हास समजणार नाही.

बफे यांचे गुरू बेंजामिन ग्रॅहम यांच्याकडे वळल्यावर वाचनाचा मुद्दा अधिक उघड होतो. ग्रॅहम यांचा जन्म 1894 मध्ये लंडनमध्ये झाला, वाढले न्यूयॉर्कमध्ये. वडील लवकर वारले, आणि 1907 च्या आर्थिक घबराटीत आईची भागांतील पुंजी बुडाली. 1914 मध्ये कोलंबिया विद्यापीठातून पदवी घेताच या तरुणाला त्याच विद्यापीठाच्या तीन विभागांनी अध्यापनाचे निमंत्रण दिले: इंग्रजी, तत्त्वज्ञान आणि गणित. घरच्या ओढगस्तीमुळे त्यांनी ती तिन्ही सोडून वॉल स्ट्रीटची वाट धरली. 1929 च्या पडझडीत त्यांच्याही हाती असलेल्या पैशाचा मोठा भाग गेला. त्या अनुभवानंतर 1934 मध्ये डेव्हिड डॉड यांच्यासह त्यांनी रोख्यांच्या विश्लेषणावरचा जो ग्रंथ लिहिला, त्याच्या आरंभी रोमन कवी होरेस याचे वचन आहे. ताळेबंदांवरील ग्रंथाच्या दारात लॅटिन कवी उभा करणारा हा लेखक उतारवयात स्पॅनिश भाषेकडे वळला आणि उरुग्वेच्या मारिओ बेनेदेत्ती याच्या कादंबरीचे त्याने इंग्रजी भाषांतर केले.

यात केवळ हौस नव्हती. 1949 मध्ये सामान्य गुंतवणूकदारासाठी लिहिलेल्या पुस्तकात ग्रॅहम यांनी बाजाराला एका भागीदाराचे रूप दिले आहे. आपण त्याला बाजारराव म्हणू. हे गृहस्थ रोज दारात येतात आणि कधी अत्यानंदात, कधी घोर निराशेत आपल्या हिश्शाची किंमत सांगतात. घ्या किंवा द्या, सक्ती नाही. त्यांच्या लहरीचा उपयोग करून घ्यावा, तिच्या आहारी जाऊ नये, एवढेच ग्रॅहम यांचे म्हणणे. अशी व्यक्तिरेखा केवळ आकडेमोड करणाऱ्याला सुचत नाही. माणसाच्या लोभाची आणि भयाची ओळख ज्याला साहित्यातून व इतिहासातून झालेली आहे, त्यालाच ती सुचते. त्यांचा दुसरा आग्रह सुरक्षिततेच्या वाढाव्याचा: अंदाज चुकणारच, तेव्हा चुकीला जागा ठेवूनच किंमत मोजावी. कोरडवाहू शेतकऱ्याला हे नव्याने सांगावे लागत नाही. दुबार पेरणीची वेळ येईल म्हणून तो बियाण्याची तजवीज आधीच करून ठेवतो. आणखी एक गोष्ट कापूस पिकविणाऱ्या मुलखाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. 1937 मध्ये ग्रॅहम यांनी शेतमालासह मूलभूत वस्तूंचे साठे करून त्यांवर चलन उभारण्याची योजना मांडली होती. ज्या महाराष्ट्राने 1972 पासून कापसाच्या एकाधिकार खरेदीचा प्रयोग केला, तेथे त्या पुस्तकाची चर्चा अधिक व्हावयास हवी होती.

बफे यांचे सहकारी चार्ली मंगर हे कायद्याचे पदवीधर. दुसऱ्या महायुद्धात हवामानखात्याचे काम केलेले हे गृहस्थ 2023 च्या नोव्हेंबरात शंभरी पुरी होण्यास महिनाभर उरला असता वारले. जीवशास्त्र, पदार्थविज्ञान, मानसशास्त्र, इतिहास, थोरांची चरित्रे असे त्यांचे वाचन अखेरपर्यंत चालू होते. प्रत्येक शास्त्रातील चार-दोन मोठ्या कल्पना पक्क्या असल्या की एका शास्त्राचा भ्रम दुसरे शास्त्र दूर करते, असा त्यांचा विचार. गिरणी स्वस्त आहे हे हिशेबशास्त्र सांगते. ती जगेल काय हे सांगण्यास उत्क्रांतीचे शास्त्र अधिक उपयोगी पडते. चौफेर वाचनाचा लाभ हा असा असतो. कोणता भाग वर जाईल हे पुस्तक सांगत नाही, पण आपण कोणता प्रश्न विचारावयास विसरलो ते सांगते.

यावर एक सरळ आक्षेप येईल. अमळनेरच्या ज्या भागधारकांचा भाग्योदय झाला त्यांतील कितीकांनी ग्रॅहम वाचला होता? बहुधा कोणीच नाही. खानदेशला हे नवे नाही. बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती आणि तरी त्यांनी माती व माणूस जसा वाचला तसा फार थोड्या पदवीधरांना वाचता येतो. जुन्या भागधारकांचेही एक वाचन होते. कारखाना डोळ्यांसमोर होता. भुईमुगाच्या गाड्या येत, तुपाचे डबे बाहेर पडत, '787' साबणाला गिऱ्हाईक होते, लाभांश मिळत होता. 1966 मध्ये वडिलांच्या मृत्यूमुळे स्टॅनफर्डचे शिक्षण सोडून एकवीस वर्षांचे अझीम प्रेमजी परतले, तेव्हा पहिल्याच वार्षिक सभेत एका भागधारकाने त्यांना, कंपनी जाणत्या हाती सोपवा, असा सल्ला दिल्याचे सांगितले जाते. शेंगदाणा चावून तेलाचा अंदाज बांधण्याची खरेदीदारांची रीत त्यांनी मोडली आणि त्या जागी मोजमाप व तपासणी आणली, असेही सांगतात. गावातील डोळस माणसाला हा फरक पुस्तकावाचून दिसत असणार.

परंतु हे डोळ्यांचे वाचन एका टप्प्यापर्यंतच पुरते. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी कंपनी संगणकाच्या व्यवसायात शिरली, बंगलोरला स्थिरावली, आणि नंतर तिचे गिऱ्हाईक सातासमुद्रापलीकडे गेले. गावातल्या कारखान्याच्या चिमणीकडे पाहून तो व्यवसाय कळण्याचा मार्ग उरला नाही. त्यानंतर ज्यांनी भाग ठेवले त्यांतील काहींनी समजून ठेवले, काहींनी सवयीने, आणि काहींच्या बाबतीत कागद पेटीच्या तळाशी विसरले गेले म्हणून राहिले. या तिघांना फळ सारखेच मिळाले. त्यामुळेच ही कहाणी धडा म्हणून फसवी ठरते.

फसवेपणाची दुसरी बाजू 2000 सालाने दाखविली. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत संगणक-कंपन्यांच्या भागांना ऊत आला होता आणि विप्रोचा भाव शिखरावर होता. अमळनेरची कीर्ती ऐकून, त्याच कंपनीवर तोच विश्वास ठेवून ज्यांनी तेव्हा खरेदी केली, त्यांच्या बाबतीत काय घडले? बक्षीस भागांचा हिशेब धरून आणि लाभांश बाजूला ठेवून पाहिले, तर त्या शिखराला भाव पुन्हा पोचण्यास जवळजवळ दोन दशके लागली. कंपनी बुडाली नव्हती, उलट वाढतच होती. फरक एवढाच की, बाजारराव अत्यानंदात असताना सांगितलेली किंमत त्यांनी मोजली होती.

आता गावोगावच्या तरुणांच्या हाती भ्रमणध्वनी आहे, त्यावर भागांचे खाते आहे, आणि सकाळ उजाडताच कोणीतरी फुकट 'टिप' पाठवितो. कापूस विकून आलेला पैसा पूर्वी सोन्यात किंवा सावकाराच्या वहीत जाई. त्यातील काही आता वायदे व पर्यायांच्या सौद्यांत जाऊ लागला आहे. भांडवल बाजाराचे नियमन करणाऱ्या 'सेबी'ने सप्टेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत अशा सौद्यांत उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी 93 टक्के तोट्यात गेल्या. त्यांचा एकत्रित तोटा 1.8 लाख कोटी रुपयांहून अधिक होता. या आकड्यांपुढे अमळनेरच्या श्रीमंतीचे गोडवे गाणे हा बेजबाबदारपणा आहे, असे म्हणावे लागते, कारण त्या कहाणीच्या जोरावरच नवखा माणूस या बाजारात ओढला जातो.

त्याला वाचावयास द्यावे तरी काय? ग्रॅहम आणि मंगर यांची पुस्तके जरूर द्यावीत, पण आधी द्यावा तो ज्या कंपनीचा भाग घ्यावयाचा तिचा वार्षिक अहवाल. तो कंपनीच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतो. अडचण भाषेची आहे. तो सहसा इंग्रजीत असतो, आणि तळटिपांचे इंग्रजी पदवीधरालाही दमविते. खानदेशातील महाविद्यालयांच्या वाणिज्य व अर्थशास्त्र विभागांनी वर्षातून एक अहवाल पहिल्या पानापासून शेवटच्या टिपेपर्यंत विद्यार्थ्यांकडून वाचून घ्यावा आणि त्याचा मराठी सारांश ग्रंथालयात ठेवावा. यासाठी नवा अभ्यासक्रम लागत नाही, अनुदानही लागत नाही. अमळनेरात सुरुवात विप्रोच्याच 2013 च्या कागदपत्रांनी करता येईल. त्या वर्षी कंपनीचे विभाजन झाले, आणि तेल, साबण, दिवे यांचा व्यवसाय 'विप्रो एंटरप्रायझेस' या, शेअरबाजारात नोंद नसलेल्या, स्वतंत्र कंपनीकडे गेला. आपल्या गावची कंपनी म्हणून आज जो बाजारातून विप्रोचा भाग घेतो, त्याच्या वाट्याला अमळनेरात ज्यापासून सारे सुरू झाले त्या धंद्यातील काहीही येत नाही.