उसातला बिबट्या

बिबट्या हे मूळचे रानातले जनावर. पट्टेरी वाघाहून लहान, अंगावर काळ्या ठिपक्यांची फुले. आपल्या पुणे जिल्ह्यात पट्टेरी वाघ आता उरला नाही. बिबट्या मात्र आहे. आणि तो रानापेक्षा शेतातच जास्त दिसतो. असे का झाले, ते पाहू.

आमच्या वाकडला आता शेते थोडी आणि इमारती फार. इथे बिबट्याचे काय काम, असे तुम्ही म्हणाल. पण वाकड, हिंजवडी, चाकण इकडे कामाला आलेल्या पुष्कळ मंडळींची घरे जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या तालुक्यांत आहेत. घरी म्हातारी आई असते. दारात चार शेळ्या असतात. म्हणून ही गोष्ट आपल्याही घरची आहे.

कुकडी नदीच्या खोऱ्यात धरणे झाली. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे. आंबेगावात डिंभे धरण झाले. कालव्यांना पाणी आले. जिथे बाजरी होत होती, तिथे ऊस उभा राहिला. शेतकऱ्याचे चार पैसे झाले, हे चांगलेच झाले. पण ऊस कसा असतो? उंच, दाट, वर्षभर उभा. आत गारवा, जवळ पाणी. गावात कुत्री, डुकरे, शेळ्या. बिबट्याला आणखी काय पाहिजे? मादी उसातच विते. दोन-तीन पिल्ले होतात. त्या पिल्लांनी डोंगरातले रान कधी पाहिलेलेच नसते. ऊस हेच त्यांचे रान.

लोक म्हणतात, "पिंजरा लावा, धरा, आणि लांब नेऊन सोडा." तेही करून झाले आहे. 2001 ते 2003 या काळात जुन्नर भागातले कितीतरी बिबटे धरले आणि त्यांतले काही दूरच्या रानात नेऊन सोडले. विद्या अत्रेय या बाईंनी आणि त्यांच्या सोबत्यांनी त्याचा हिशेब मांडला. जुन्नर भागात आधी माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले होत. त्या काळात ते 17 वर गेले. कमी व्हायचे ते वाढले!

याचे कारण समजून घ्या. प्रत्येक बिबट्याची हद्द ठरलेली असते, जशी आपल्या शेताला बांधाची असते. एक बिबट्या नेला की त्याची जागा रिकामी पडते. तिथे दुसरा येतो. नेलेला बिबट्या परक्या मुलखात भांबावतो. माणसांच्या गोंगाटाने, पिंजऱ्याने तो आधीच बिथरलेला असतो. मग तो वाट फुटेल तिकडे चालू लागतो.

किती चालतो, ते ऐका. 2009 साली नगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वर इथे एक वयस्क बिबट्या विहिरीत पडला. (त्या जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर आहे.) त्याला बाहेर काढले, गळ्यात यंत्राचा पट्टा बांधला आणि माळशेज घाटात सोडले. त्याला नाव दिले 'आजोबा'. आजोबा निघाले ते सुमारे 120 किलोमीटर चालून महिनाभरात मुंबईजवळच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या रानात पोचले. वाटेत मोठा हमरस्ता ओलांडला, रेल्वेचे रूळ ओलांडले. एकाही माणसाला त्यांनी नख लावले नाही. 2011 साली एका गाडीची धडक बसून ते मेले.

पण सगळेच बिबटे आजोबांसारखे नसतात. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात बिबट्याने तीन जणांचा जीव घेतला. त्यांत दोन मुले होती. लोक चिडले, पुणे-नाशिक रस्त्यावर बसले. वनखात्याच्या नेमबाजांनी एक बिबट्या गोळी घालून मारला. ज्याचे लेकरू गेले, त्याला कुणी शहाणपण शिकवू नये. माणसावर टपलेले जनावर हटवलेच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण एक हटवला तरी बाकीचे उसात असतातच. त्यांचे काय करायचे?

इथे तुम्हांला हिमालयातली एक हकीकत सांगतो. लडाख आणि स्पिती या भागांत डोंगर उघडे आणि बर्फाचे. उंची दहा हजार फुटांच्या वर. तिथे हिमबिबट्या राहतो. अंग राखाडी-पांढरे, शेपूट लांब आणि झुबकेदार. थंडीत ती शेपूट तो अंगाभोवती गुंडाळून घेतो. भारतात त्यांची मोजदाद झाली, तिचा आकडा 2024 साली निघाला. सगळे मिळून 718. एवढ्या थोरल्या हिमालयात फक्त 718!

तिथले लोक मेंढ्या-शेळ्यांवर जगतात. त्यांचे वाडे दगडी, पण वरून उघडे. रात्री हिमबिबट्या आत उडी घेई. मेंढ्या सैरावैरा धावत, पण बाहेर पडायला वाट नसे. एकाच रात्रीत तो कितीतरी मारून टाकी. वर्षाची कमाई गेली! सकाळी लोक चिडून त्याला दगडांनी ठेचत. पुढे लडाखमध्ये वाड्यांवर लाकडे टाकून तारेची जाळी बसवली, दार भक्कम केले. मेंढी वाचली, म्हणून हिमबिबट्याही वाचला. स्पितीत किब्बर गावाने आणखी एक केले. सगळ्यांनी थोडी थोडी वर्गणी काढून जनावरांचा विमा चालू केला.

आता आपल्या दारातला गोठा पाहा. कुडाची भिंत, वरची अर्धी बाजू उघडी, दाराला सुतळी. बिबट्याला ही भिंत म्हणजे पायरी. चारी बाजूंनी जाळी पाहिजे, आणि वरूनही पाहिजे. पुष्कळ जण वरची बाजूच विसरतात. दाराला कडी पाहिजे. धनगर मंडळी रात्री मेंढ्यांभोवती वाघर बांधतात. त्या जाळ्याने मेंढी आत राहते, पण बिबट्या बाहेर राहत नाही. त्यांच्यासाठी उचलून नेता येईल असा जाळीचा वाडा पाहिजे.

घराला अगदी चिकटून ऊस लावू नये. मधे मोकळी जागा असावी. लहान मुलाला अंधारात एकट्याने बाहेर बसवू नये. बसलेले मूल लहान जनावरासारखे दिसते. पंपाची वीज रात्री आली तर पाणी धरायला दोघांनी जावे, हातात बॅटरी आणि काठी असावी, बोलत जावे. खरे तर ही वीज दिवसाच मिळाली पाहिजे. गावकरी ते मागतात, आणि त्यांचे मागणे रास्त आहे.

ऊसतोडीच्या वेळी पिल्ले सापडतात. मांजराएवढी असतात, उचलून घ्यावीशी वाटतात. उचलू नका. तोड थांबवा, लांब व्हा आणि वनखात्याला कळवा. ते लोक पिल्ले त्याच जागी ठेवतात. रात्री आई येते आणि तोंडात धरून घेऊन जाते. पिल्ले नाहीशी झाली तर ती आई चवताळून त्याच शिवारात फिरत राहते.

शेळी मारली गेली तर मेलेले जनावर हलवू नका, पुरू नका. त्याच दिवशी वनरक्षकाला सांगा, किंवा 1926 या नंबरावर फोन करा. पंचनामा झाला की सरकारकडून भरपाई मिळते. पंचनाम्यात काय लिहिले आहे ते स्वतः वाचा, मगच सही करा. आता तुम्हांला वाचता येते.