घरातली सायकल : कोणाला कोणती?

आरे कॉलनीत राहणाऱ्याला व्यायामाचे यंत्र कशाला हवे, असे बाहेरच्या माणसाला वाटेल. झाडीतला रस्ता आहे, छोटा काश्मीर आहे, आणि मुंबईचे लोक गाड्या करून इथे फिरायला येतात. पण २०२१ आणि २०२२ साली बिबट्याने माणसांवर हल्ले केले. २०२२ च्या ऑक्टोबरात तर एक लहान मुलगी दगावली. तेव्हापासून अंधारात फिरायला जाणे सोडलेली बरीच मंडळी माझ्या दवाखान्यात येतात. फिरणे सुटते, वजन आणि साखर वाढते, आणि मग प्रश्न येतो : "डॉक्टर, घरात सायकल घेऊ का?"

घ्या. पण कोणती?

गेल्या महिन्यात एक काकू मुलाला घेऊन आल्या. वय बासष्ट, दोन्ही गुडघे झिजलेले, रक्तदाबाची गोळी चालू. मुलाने मोबाइलवर चित्र दाखवले. जिममध्ये असते तशी, जड चाकाची स्पिन बाइक. हप्त्यावर मिळत होती. मी काकूंना तपासणीच्या टेबलावर चढायला सांगितले. त्यांनी आधी मुलाचा खांदा धरला, मग टेबलाची कड, आणि मग पाय उचलला. मी मुलाला म्हटले, "अरे, त्या उंच सीटवर आई दुपारी घरी एकटी असताना कशी चढणार?" तो गप्प झाला.

स्पिन बाइक वाईट नाही, ती तरुण आणि सरावलेल्या माणसाची आहे. तिच्यावर पुढे वाकून बसावे लागते, त्याने मान आणि कंबर धरते. शिवाय बहुतेक स्पिन बाइकमध्ये पेडल चाकाला बांधलेले असते. पाय थांबवला तरी चाक फिरत राहते आणि पायाला ओढून नेते. घरात रांगते मूल असेल तर उघड्या चाकात बोट जायला वेळ लागत नाही. तरुणांनाही एक सांगून ठेवतो : पहिल्याच दिवशी ईर्षेने तासभर दामटू नका. सवय नसलेले स्नायू अतिश्रमाने फुटतात, लघवी चहाच्या रंगाची होते आणि मूत्रपिंडावर बेतते. असे झाले तर घरी न थांबता थेट इस्पितळ गाठावे.

एअर बाइकला पुढे पंख्यासारखे चाक असते आणि हाताने ओढायचे दांडे. हात-पाय दोन्ही चालतात म्हणून ती लोकांना आवडते. जितक्या जोरात चालवाल तितकी ती जड होत जाते. पण खांदा आखडलेल्याने तिच्या वाटेला जाऊ नये. आवाजही करते, चाळीत किंवा लहान फ्लॅटमध्ये पहाटे पाचला सुरू केलीत तर शेजारी दार वाजवतील.

साधी उभी सायकल म्हणजे अपराइट. रस्त्यावरच्या सायकलसारखीच बैठक, जागा कमी लागते. गुडघे-कंबर ठीक असलेल्या चाळिशी-पन्नाशीच्या माणसाला ही पुरते. घेताना चुंबकाच्या ब्रेकची घ्या. चुंबक चाकाला घासत नाही, म्हणून आवाज नाही आणि झीजही नाही.

आणि चौथी, पाठ टेकून बसायची. दुकानात तिला रिकम्बंट म्हणतात. खुर्चीसारखी बैठक, पेडल पुढे, आणि चढताना पाय उंच टाकावा लागत नाही. साडी नेसणाऱ्या बाईला हे फार सोयीचे. पदर मात्र खोचून घ्यावा. गुडघेदुखी, कंबरदुखी, तोल जाणे यांपैकी काही असेल तर मी हीच सांगतो. महाग असते आणि लांबीला जागा खाते, हे तिचे दोष. काकूंच्या मुलाने घरी जाऊन खडूने जमिनीवर माप आखले, तेव्हा खाट सरकवावी लागेल असे कळले.

कोणतीही घ्या, सीट नीट लावा. सायकलने गुडघा दुखायला लागला की माझा पहिला संशय सीटवर असतो. टाच पेडलवर ठेवा. पेडल सर्वांत दूर असताना पाय सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने चालवलेत की गुडघ्याला हवी तेवढी किंचित वाकण राहते. सुरुवात पाच-दहा मिनिटांनी करावी. चालवताना बोलता यावे, गाता मात्र येऊ नये, एवढाच जोर. हळूहळू आठवड्याला दीडशे मिनिटांपर्यंत जावे. पडद्यावरचा कॅलरीचा आकडा अंदाजाचा असतो, त्याच्या भरवशावर जिलबी खाऊ नये. सायकलवर हाडांना शरीराचे वजन पेलावे लागत नाही, म्हणून उन्हे वर आल्यावर थोडे चालणे हवेच.

मधुमेहासाठी इन्शुलिन घेणाऱ्यांनी साखर जवळ ठेवावी, पाय बधिर असतील तर उतरल्यावर तळवे पाहावेत. छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, गरगरणे यांपैकी काहीही झाले तर उतरा. "गॅस असेल" म्हणत पेडल मारत राहू नका. काकूंचा कार्डिओग्राम मी आधी काढला, तो चांगला आला, मगच पैसे भरा म्हटले.

परवा त्या रक्तदाब तपासायला आल्या. रोज पंधरा मिनिटे चालवतात. तक्रार एकच : रात्री सून तीच सायकल चालवते आणि सीट स्वतःच्या मापाला सरकवून ठेवते. मी म्हटले, दांड्यावर दोघींच्या दोन खुणा करून ठेवा, तुमची कुंकवाच्या रंगाची.